दादर म्हणजे जिना



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय जाहीर झाला की गड, तह आणि लढाया ऐकायला मिळतील, अशी श्रोत्यांची साहजिकच अपेक्षा असते. मी आज एका रेल्वे स्टेशनाचा इतिहास सांगणार आहे. स्टेशन दादरचे. आपल्यापैकी जे जे मुंबईला गेले असतील ते तेथे केव्हा ना केव्हा उतरले असतील, आणि बाहेर पडण्याचा जिना शोधताना घामाघूमही झाले असतील. या जिन्याचाच इतिहास मला सांगावयाचा आहे.

दादर या मराठी शब्दाचा जुना अर्थच मुळी जिना, किंवा लाकडी पूल. गावाला नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. ते खरे मानले, तर या स्टेशनाइतके स्वतःच्या नावाला जागलेले दुसरे स्टेशन नसेल.

रेल्वेच्या इतिहासाला दोन दिशा असतात. एक लांबीची आणि दुसरी रुंदीची. रूळ कोठून कोठे गेले, किती मैल गेले, पहिली गाडी केव्हा सुटली, हा झाला लांबीचा इतिहास. तो ग्रंथांत सापडतो, कारण त्यात भांडवल गुंतलेले असते. पण रूळ पडले की गावाचे दोन भाग होतात. या बाजूच्या माणसाला त्या बाजूला जावे लागते, एका गाडीतून उतरून दुसरीत बसावे लागते. हा झाला रुंदीचा इतिहास. त्यात फक्त माणसे गुंतलेली असतात, म्हणून तो कोणी लिहून ठेवीत नाही. लांबीसाठी पैसा नेहमी वेळेवर मिळाला आणि रुंदीसाठी नेहमी उशिरा, हे दादरच्या उदाहरणाने दाखवावे एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम लांबी पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, हे वर्णन शाळेतल्या मुलालाही पाठ असते. ही गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची, म्हणजे जी.आय.पी.ची. कंपनी विलायतेतली, भागीदार विलायतेतले, आणि करार असा की त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. धंद्यात तेवढे सुटले नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यावयाची. तोट्याची भीती नसलेला असा धंदा गिरणीमालकांनाही कधी लाभला नाही! वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरावर आणणे हा या मार्गाचा मोठा उद्देश होता.

दुसरी कंपनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया. तिची नजर गुजराथच्या कापसावर. १२ एप्रिल १८६७ रोजी तिने विरारहून बॅक बेपर्यंत रोज एक जाणारी आणि एक येणारी अशी गाडी सुरू केली. त्या पहिल्या वेळापत्रकातील मोजक्या थांब्यांत दादरचे नाव आहे. तेव्हाचे दादर म्हणजे माहीम आणि परळ यांच्या मधली भातशेते, नारळी-पोफळीच्या वाड्या, समुद्रकाठचे कोळी आणि १५९६ सालापासून उभे असलेले पोर्तुगीज चर्च.

एक रेल्वे ठाण्याकडून आली आणि दुसरी वांद्र्याकडून. मुंबईचे बेट चिंचोळे, म्हणून दादरला दोघी एकमेकींच्या शेजारी आल्या आणि तशाच दक्षिणेला गेल्या. दोघींच्या रुळांचे माप एकच, साडेपाच फूट. पण मालक दोन. दोन कंपन्या, दोन स्टेशने, दोन स्टेशनमास्तर, फलाटांचे आकडे दोन्हीकडे एकपासून. प्रवासी मात्र एकच होता, ही गोष्ट दोघींच्याही हिशेबात बसणारी नव्हती.

भातशेतांचे शहर झाले ते प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि काही महिन्यांत अर्धी मुंबई गावाकडे पळाली. गिरण्या ओस पडल्या, व्यापार बसला. तेव्हा सरकारला शहराच्या कोंदट वस्तीची आठवण झाली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंगा-वडाळा-शीव या उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहतीची योजना निघाली. पूर्वेची हिंदू कॉलनी आणि मंचेरजी जोशी यांच्या खटपटीने उभी राहिलेली पारशी कॉलनी ही त्याच योजनेची फळे. रुंद रस्ते, झाडे, हवेशीर घरे. हे सारे चांगलेच झाले. परंतु प्लेगने सर्वांत जास्त मारले होते ते चाळकऱ्यांना, आणि चाळकऱ्याच्या वाट्याला काय आले? १९२० नंतर डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने बांधलेल्या बी.डी.डी. चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका कुटुंबाला एकशेसाठ चौरस फुटांची एक खोली, आणि मजल्याला सामाईक मोऱ्या. दादर स्टेशनाहून पूर्वेला हिंदू कॉलनीतही पायी जाता येते आणि नायगावच्या बी.डी.डी. चाळींतही. त्या काळचा समाज पाहावयाचा असेल तर तेवढी एक फेरी पुरेशी आहे.

याच सुमारास रुंदीचे एक मोठे काम झाले. दोन्ही रेल्वेंच्या डोक्यावरून जाणारा, पूर्व आणि पश्चिम दादरला जोडणारा टिळक पूल. तो आता शंभरीच्या घरात आहे, आणि त्याच्या शेजारी नव्या पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. लोकमान्यांचे नाव या पुलाला शोभते. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. लेनिनने त्याच वर्षी या संपाची नोंद घेतली. ज्या माणसासाठी परळ-नायगावच्या कामगाराने राजकीय संप केला, त्याच्याच नावाच्या पुलावरून त्या कामगाराचे नातू-पणतू आज रूळ ओलांडतात.

आता एका गोष्टीकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो, कारण पुढचा सारा उलगडा तिच्यात आहे. गिरणगावचा कामगार कामावर चालत जात असे. चाळ गिरणीच्या दारात आणि भोंगा हेच त्याचे घड्याळ. पाळी सुटली की हजारो माणसे रस्त्यावर येत, पण ती स्टेशनात शिरत नसत. दादर-परळचे जिने आणि पूल बांधले गेले ते अशा वस्तीसाठी, जिच्यातील बहुसंख्य श्रमिकांना कामासाठी गाडीची गरजच नव्हती.

गावी जाण्यासाठीही त्यातल्या कित्येकांना रेल्वेचा उपयोग नव्हता. सातारकर, नगरकर यांना गाडी होती. पण गिरण्यांत ज्यांची संख्या मोठी, त्या रत्नागिरीकरांना भाऊच्या धक्क्यावरून बोट गाठावी लागे. बोटीचा प्रवास म्हणजे काय, हे १७ जुलै १९४७ रोजी बुडालेल्या ‘रामदास’ने कोकणातल्या घराघरांत शिकवले. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली. दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीला २०१७ मध्ये केशवसुतांच्या स्मरणार्थ ‘तुतारी’ हे नाव दिले गेले. नाव सुंदर आहे. पण कोकणच्या माणसाने मुंबईत सूत कातले त्या शतकभरात त्याला गाडी मिळाली नाही, आणि गाडी आली तेव्हा गिरण्यांचे भोंगे थांबलेले होते. नफा जेथून आणावयाचा होता तेथे रूळ एकोणिसाव्या शतकातच पोहोचले. जेथून फक्त माणूस आणावयाचा होता, तेथे ते विसावे शतक संपता संपता पोहोचले.

रुंदीचा प्रश्न लोखंडी पुलाचाच होता असे मात्र कोणी समजू नये. माणसामाणसांतले अंतर ओलांडण्याचाही तो प्रश्न होता, आणि दादरइतका तो दुसरीकडे क्वचितच दिसेल. पूर्वेला हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘राजगृह’ आहे, पुस्तकांसाठी बांधलेले घर. गिरण्यांत त्या वेळी अस्पृश्य कामगाराला विणकामाच्या, म्हणजे साच्याच्या खात्यात शिरता येत नसे. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि इतरांना विटाळाची भीती वाटे. पगार जास्त होता तो त्याच खात्यात. रेल्वेत तरी काय निराळे होते? १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्यात बाबासाहेबांनी सांगितले की आपली माणसे बहुतेक गँगमन म्हणूनच राबतात. पोर्टरची जागासुद्धा त्यांना क्वचित मिळते, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि सवर्ण स्टेशनमास्तरला ते चालत नाही. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही मांडणी त्यांनी याच परिषदेत केली. त्यावर आमच्या चळवळीत पुष्कळ वाद झाले. पण एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या संघटनांनी साच्याच्या खात्याचे दार उघडण्याला अग्रक्रम दिला नाही, ही वस्तुस्थिती वादाने बदलत नाही. रूळ टाकणारा आणि दुरुस्त ठेवणारा गँगमन फलाटावर चढून पोर्टरही होऊ शकत नव्हता. फलाटाची ती उंची किती फुटांची होती, ती कोणत्या इंजिनियरने मोजली असती?

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले. पार्थिव देह राजगृहात आणला गेला, आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेकडून पश्चिमेकडे, दादरच्या चौपाटीवर, लाखोंच्या यात्रेतून गेला. तेव्हापासून दरवर्षी देशभरातून लाखो माणसे दादरला उतरतात आणि चैत्यभूमीपर्यंत चालत जातात. दादरने पाहिलेला हा सर्वांत मोठा ओलांडा आहे. त्या दिवसांत येणारी गर्दी म्हणजे शहराला त्रास, असे कुरकुरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की हे लोक पुस्तके विकत घेण्यासाठी रांगा लावतात, आणि ही गोष्ट फार थोड्या गर्द्यांबद्दल सांगता येईल.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे आपली झाली. ५ नोव्हेंबर १९५१ या एकाच दिवशी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. कंपन्या गेल्या, मालक एक झाला, देश एक झाला. पण दादरला दोन कारभार तसेच राहिले. एक नंबरचा फलाट दोन्हीकडे होता. नवखा माणूस ‘एक नंबर कुठे?’ म्हणून विचारी आणि मुंबईकर उलट विचारी, ‘वेस्टर्नचा की सेंट्रलचा?’ या एका प्रश्नापायी किती जणांच्या गाड्या चुकल्या असतील! अखेर ९ डिसेंबर २०२३ रोजी क्रमांक सलग झाले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले, आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना आठ ते चौदा हे आकडे मिळाले. काम काय, तर पाट्या बदलणे. त्याला १८६७ पासून मोजले तर १५६ वर्षे लागली.

जे प्रशासनाला जमले नाही ते कामगारांनी एकदा करून दाखवले होते. ८ मे १९७४ रोजी देशभरच्या रेल्वे कामगारांनी संप पुकारला, तेव्हा मध्य आणि पश्चिम हा भेद उरला नाही. वीस दिवसांनी तो संप दडपला गेला. हजारो तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पण दोन्ही रेल्वेंच्या माणसांनी आपली बेरीज त्या वीस दिवसांत केली, एवढे इतिहासाने लिहून ठेवावे.

पुढचा संप १८ जानेवारी १९८२ चा. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, ते बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. त्या संपाची चिकित्सा हा आजचा विषय नव्हे. जमिनीचे काय झाले तेवढे सांगतो. १९९१ च्या नियमात अशी तरतूद होती की गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळ मानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची नव्हे, तर फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीची, असे ठरले. शहराचा वाटा आक्रसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. दरम्यान २००५ साली दादरची कोहिनूर मिल नंबर तीनची जमीन लिलावात ४२१ कोटींना गेली. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले.

आता मघाची गोष्ट आठवा. गिरणीचा कामगार चालत येत असे. मनोऱ्यातला कामगार, म्हणजे टेबलावर बसणारा कारकून, पहारेकरी, झाडूवाली बाई, जेवणाचे डबे पोहोचवणारा पोरगा, तो विरारहून, कल्याणहून, पनवेलहून गाडीने येतो. कारण मनोऱ्याच्या आसपास राहणे त्याला परवडत नाही. गिरणगावात माणसे पूर्वीही होती, पण ती आता स्टेशनातून बाहेर पडतात. जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी देणाऱ्यांनी चटईक्षेत्र इंचाइंचाने मोजले. स्टेशनाच्या जिन्याची रुंदी कोणी मोजली?

त्याचे उत्तर २९ सप्टेंबर २०१७ रोजी मिळाले. दादरच्या पुढचेच स्टेशन, पश्चिम रेल्वेवर एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेवर परळ. तेथेही दोन रेल्वे शेजारी आणि मध्ये अरुंद पूल. सकाळची वेळ, पावसाची सर, पुलावर थांबलेली माणसे आणि गाड्यांमागून गाड्या. चेंगराचेंगरीत तेवीस जण मेले. नव्या पुलाला मंजुरी होती, पण ती कागदावर. मग लष्कर बोलावले आणि पुढच्या फेब्रुवारीत पूल उभा राहिला. ज्या कामाला वर्षे लागत होती त्याला महिने पुरले. मधला फरक तेवीस माणसांचा. जुलै २०१८ मध्ये स्टेशनाचे नाव प्रभादेवी झाले. नाव बदलणे सोपे असते.

दोष कोणाच्या माथी गेला, तेही पाहण्यासारखे आहे. लोकांचा राग फेरीवाल्यांवर वळला. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उच्च न्यायालयाने स्टेशनापासून दीडशे मीटरच्या आत फेरीचा धंदा करू नये असा निकाल दिला. जिन्याच्या तोंडाशी वाट मोकळी हवी, हे मलाही मान्य आहे. पण हे फेरीवाले कोण? गिरण्या बंद झाल्यावर ज्यांच्या घरी दुसरे मिळकतीचे साधन राहिले नाही, अशा कितीतरी कुटुंबांनी दादरच्या पदपथावर भाजी, फुले, कपडे मांडले. पहाटेच्या पहिल्या लोकलने वसईकडच्या बाया फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन उतरतात, तेव्हा मनोऱ्यांतले दिवे लागलेले नसतात. शहाण्या नगररचनेत जिनाही रुंद असता आणि या बाईलाही चार फूट हक्काची जागा असती. आम्ही जिना अरुंद ठेवला आणि बाईला हाकलले.

१४ मार्च २०१९ रोजी सी.एस.एम.टी.समोरचा पादचारी पूल कोसळला आणि खालची-वरची माणसे मेली. त्या संध्याकाळी पहिला वाद झाला तो हा, की पूल रेल्वेचा की महापालिकेचा! रुळाच्या मालकीबद्दल असा वाद कधी ऐकला आहे काय?

आता दादरला तिसरी रेल्वे आली आहे. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो. तिचा दादरमधून जाणारा टप्पा मे २०२५ मध्ये खुला झाला आणि ऑक्टोबरमध्ये सारी मार्गिका पूर्ण झाली. काम मोठे आहे यात शंका नाही. परप्रांतांतून आलेल्या मजुरांनी मुंबईच्या पोटातला काळा दगड फोडून ते केले. त्याच ऑक्टोबरात निरनिराळ्या वाहनांचे तिकीट एकाच ठिकाणी काढता यावे म्हणून मोबाईलवरची सोयही जाहीर झाली. हे रुंदीचे काम आहे, आणि मी त्याचे स्वागत करतो. परंतु लोकलचे कमीत कमी तिकीट पाच रुपये आणि या मेट्रोचे दहा ते सत्तर. डब्याच्या दारात लोंबकळणारा माणूस त्या थंड भुयारात उतरू शकेल का, हा प्रश्न तिकिटाच्या सोयीने सुटत नाही. दादरला आता कारभार दोनाचे तीन झाले. या तिघांमधला जिना कोणाचा, हे आजच ठरले पाहिजे, दुर्घटनेनंतर नव्हे.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक पुलावर आणि प्रत्येक जिन्यावर एक पाटी असावी: हा कोणाच्या मालकीचा, याची रुंदी किती, याची शेवटची तपासणी केव्हा झाली, आणि गर्दीच्या तासाला किती माणसे जातील असे धरून तो बांधला आहे. कारखान्यात यंत्रावर अशी पाटी लावून घेण्यासाठी आम्हाला पिढ्यान्पिढ्या झगडावे लागले, आणि ती लागल्यावर हातापायांचे मोल मालकाला थोडे कळू लागले. मुंबईच्या उपनगरी रुळांवर दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतली कित्येक रूळ ओलांडताना मरतात. त्यांना आपण बेपर्वा म्हणतो. पण ज्याला चार मिनिटांत गाडी गाठावयाची आहे आणि जिना तुंबलेला आहे, तो हौस म्हणून रुळावर उतरत नाही.

पुढच्या मार्गिका होतील, पुढचे मनोरेही उठतील. लांबीची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. रुंदीची काळजी ज्यांना रोज ती ओलांडावी लागते त्यांनीच केली पाहिजे. संघटना करून, अर्ज करून, आणि अर्जाने भागले नाही तर रस्त्यावर येऊन. आजवर जो जो पूल मिळाला, तो मागितल्यावाचून मिळालेला नाही.